लग्नघरचे शब्द : मराठी नव्याने शिकणाऱ्यांसाठी एक पाठ

ज्यांच्या घरी मराठी बोलली जात नाही अशा मुलामुलींसाठी आमच्या शाळेत मराठीचा एक लहानसा वर्ग चालतो. नागपुरास अशा वर्गाची गरज नेहमीच भासत आली आहे. देवगडच्या बख्त बुलंद ह्या गोंड राजाने अठराव्या शतकाच्या आरंभी हे नगर वसविले. पुढे भोसले आले, मग इंग्रज आले, आणि १९५६ पर्यंत हे शहर मध्यप्रदेशाची राजधानी होते. तेव्हा हिंदी येथे पाहुणी कधीच नव्हती. रेल्वेच्या नोकरीनिमित्त तेलुगू, तामिळ व बंगाली कुटुंबे येऊन राहिली, छत्तीसगडाकडील मजूर आले, आणि गोंड तर सर्वांच्या आधीचे. एका बाकावर चार मातृभाषा बसलेल्या आम्ही पुष्कळदा पाहिल्या आहेत.

गेल्या वर्षी ह्या वर्गास आम्ही 'आमच्या घरचे लग्न' हा विषय निबंधास दिला. एका तेलुगू घरच्या मुलीने पहिलेच वाक्य लिहिले : 'माझ्या अक्काने मे महिन्यात लग्न लागणार आहे.' वर्गात हशा पिकला. हसणारांपैकी निम्म्या जणांस त्यातील चूक सांगता आली नसती, ही गोष्ट निराळी. मुलगी मात्र हिरमुसली नाही. मधल्या सुट्टीत ती आमच्याकडे आली व म्हणाली, "सर, अक्काचे सासर मराठी आहे. वर्ध्याकडचे. अक्काला मराठी फारसे येत नाही. लग्नातले सगळे शब्द मला लिहून द्याल का? मी घरी तिला शिकवीन."

हा पाठ त्या वहीतून तयार झाला आहे. अक्काला जे लिहून दिले, तेच थोडेसे नीटनेटके करून येथे मांडीत आहो. ज्यांची मातृभाषा मराठी आहे त्यांनीही तो वाचावा, असे आम्हांस वाटते. कारण वर्गातील मराठी मुलांस 'मेहंदी' व 'संगीत' हे समारंभ चांगले ठाऊक होते, परंतु 'घाणा' म्हणजे काय, हे एकासही सांगता आले नाही.

प्रथम त्या चुकीचाच विचार करू. लग्न ह्या शब्दापुढे मराठीत निरनिराळी क्रियापदे येतात, आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा. वधूवर लग्न करतात. भटजी लग्न लावतात. आईबाप लग्न करून देतात. आधी ते जमते, मग ठरते, दैव आडवे आले तर मोडते. आणि ठरलेल्या क्षणी लग्न लागते. ह्या शेवटच्या वाक्यात कर्ता कोण? कोणीच नाही. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, तसेच लग्न लागते. म्हणून 'अक्काने लग्न लागणार' असे म्हणता येत नाही, 'अक्काचे लग्न लागणार' असे म्हणावे लागते. 'अक्का लग्न करणार' हेही शुद्धच आहे. दोहोंत फरक काय, ते पुढे येईल.

मूळ संस्कृतात लग्न म्हणजे लागलेले, चिकटलेले. ज्योतिषात ज्या वेळी जी रास पूर्वेच्या क्षितिजाला लागलेली असते, म्हणजे उगवत असते, तिला लग्न म्हणतात. बारा राशी एका अहोरात्रात उगवतात, तेव्हा एकेक लग्न सुमारे दोन तासांचे. त्यातला नेमका शुभ क्षण साधावयाचा म्हणून लग्नघरी घटिकापात्र ठेवीत. तांब्याच्या वाटीला तळाशी बारीक भोक; ती पाण्यावर सोडली की हळूहळू भरून २४ मिनिटांत बुडे. ती एक घटका. अशा ६० घटकांचा दिवस. आज घटिकापात्राची जागा मनगटावरच्या घड्याळाने घेतली आहे, परंतु 'त्याची घटका भरली' असे आपण अजून म्हणतो. तो प्रयोग लग्नघरी करावयाचा नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. त्याचा अर्थ मरणकाळ जवळ आला असा होतो.

आता निमंत्रणपत्रिका हाती घेऊ. नवशिक्यास वाचनाचा सराव करावयास ह्याहून चांगले साधन नाही, कारण ती फुकट मिळते व दर घरी निराळी असते. पहिली अडचण अक्षरांची. मुलाच्या नावामागे 'चि.' असते, ते चिरंजीव. मुलीच्या नावामागे 'चि. सौ. कां.', म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, सौभाग्याची इच्छा करणारी. जुन्या पत्रिकांच्या आरंभी 'स. न. वि. वि.' सापडेल, ते 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष'. खाली कोपऱ्यात एखाद्या बाळाच्या नावाने मामाच्या लग्नाला येण्याचा आग्रह असतो. तेथले मराठी सर्वांत सोपे. 'स्थळ' हा शब्दही जपून वाचावा. पत्रिकेत 'विवाहस्थळ' म्हणजे लग्नाची जागा. परंतु घरात आजी 'मुलीला चांगले स्थळ आले आहे' असे म्हणते, तेव्हा कोणतीही जागा आलेली नसते, मागणी आलेली असते. आमच्या एका विद्यार्थ्याने ह्या वाक्याचा अर्थ 'चांगले बसस्थानक आले' असा केला होता!

मागणी आली, बोलणी झाली, की सोयरीक जमते. मग साखरपुडा. वधूवरांस नातेवाईक जेवावयास बोलावतात, त्यास केळवण म्हणतात. आपल्या विदर्भात त्यालाच गडगनेर हाही शब्द आहे आणि तो पुण्याकडच्या पाहुण्यांस कळत नाही, ह्याचे आम्हांस थोडेसे समाधान वाटते. दारी मांडव पडतो. त्याचा पहिला खांब रोवणे ही मुहूर्तमेढ. हाच शब्द पुढे मोठा झाला; शाळेची, संस्थेची, चळवळीची मुहूर्तमेढ रोवली असे आपण लिहितो, परंतु मूळचा खांब मांडवाचा आहे. ज्या झाडाला किंवा वस्तूला कूळ पूज्य मानते, ते कुळाचे देवक. त्या झाडाच्या डहाळ्या आणून मांडवात बसवितात.

घाणा सांगावयाचा राहिला. घाणा म्हणजे एरवी तेल्याचा. परंतु लग्नघरी सुवासिनी जमून आंब्याची पाने बांधलेली मुसळे हाती घेतात, हळकुंडे व धान्य कांडतात, जाते फिरवितात आणि गाणी म्हणतात. त्यास घाणा भरणे म्हणतात. मग हळद लागते. (पहा, येथेही 'लागते'!) वराला लावून उरलेली हळद वधूकडे पाठवितात, ती उष्टी हळद. उष्टे हा शब्द एरवी नाके मुरडावयास लावणारा. येथे त्याचीच वाट पाहत वधूकडची मंडळी ताटकळत बसतात.

गाण्यांचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर नावाचे गाव आहे. तेथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महानुभाव पंथातील महदाइसा हिने गोविंदप्रभूंच्या इच्छेवरून श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची गाणी रचून म्हटली. त्यांना धवळे म्हणतात. धवळा म्हणजे लग्नात गावयाचे वरपर गीत. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून महदाइसेचे नाव घेतले जाते. म्हणजे मराठी बाईच्या ज्या सर्वांत जुन्या काव्याची आपणांस ओळख आहे, ते लग्नघरचे गाणे आहे आणि ते आपल्या विदर्भात जन्मले आहे. आज रिद्धपुरास मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले आहे. रुक्मिणीचे माहेर मानलेले कौंडिण्यपूर तेथून काही फार दूर नाही. ते वर्धा नदीच्या काठी आहे. वराबरोबर येणाऱ्या मंडळींस वऱ्हाड म्हणतात आणि ह्या प्रांतासही वऱ्हाड म्हणतात, त्यामुळे 'वऱ्हाडी आले' हे वाक्य ऐकून नवशिक्याने गोंधळू नये. दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असू शकतात.

लग्नाच्या वेळी वधूवरांच्या मधे धरतात तो अंतरपाट. तो शब्द वाचताच आमच्या विद्यार्थिनीचे डोळे चमकले. "आमच्याकडेही असते! अड्डुतेर!" ती म्हणाली. तेलुगू लग्नात पडद्याच्या दोन बाजूंस बसून वधूवर मुहूर्तावर एकमेकांच्या डोक्यावर जिरे व गूळ वाटून केलेला गोळा ठेवतात. आपल्याकडे मंगलाष्टके संपतात, अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, वाजंत्री वाजतात, आणि लग्न लागते. मंगलाष्टकांच्या प्रत्येक कडव्याशेवटी 'सावधान' हा शब्द येतो. तो ऐकून बारा वर्षांचे नारायण ठोसर सावध झाले व बोहल्यावरून पळाले, तेच पुढे समर्थ रामदास, अशी कथा मराठी घरोघर सांगतात. पाठीमागे मामा उभे असतात. वधूला मांडवात आणण्याचा मान मामाचा. करवली, म्हणजे वधूची किंवा वराची बहीण, करा व दिवा घेऊन उभी असते. वधूचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि त्याबद्दल भेट उकळतो, ही कानपिळी. अक्काला भाऊ नाही, तेव्हा कान कोण पिळणार, असा प्रश्न निघाला. चुलतभावाने पिळला तरी चालते, असे आम्ही कळविले.

रुखवत, झाल, वरात, सूनमुख हे शब्द मांडवातल्या कोणाही बाईस विचारले तर ती हात धरून दाखवून देईल. परंतु एक शब्द आम्ही वहीत अधोरेखित करून दिला, तो पाठराखीण. नव्या नवरीबरोबर पहिले काही दिवस सासरी राहावयास माहेरची जी बाई किंवा मुलगी जाते, ती पाठराखीण, पाठ राखणारी. परक्या घरी ज्या मुलीला भाषाही परकी, तिला हा शब्द आधी ठाऊक असलेला बरा.

येथवर समारंभाचे शब्द झाले. समारंभ दोन दिवसांत संपतो. नात्यांचे शब्द जन्मभर लागतात. दोन्ही घरचे वडील एकमेकांचे व्याही, आया एकमेकींच्या विहिणी. व्याही हा वैवाहिक ह्या संस्कृत शब्दाचा झिजलेला अवतार. नवऱ्याची आई सासू, ती संस्कृतात श्वश्रू. नवऱ्याचा भाऊ दीर, तो देवर. दिराची बायको जाऊ, ती यातृ. मुलाची बायको सून, ती स्नुषा. नणंद ही ननांदृ.

आता एक गंमत पहा. येथून हजारो कोस दूर, काळ्या समुद्राच्या काठी बल्गेरिया नावाचा देश आहे. लोक ख्रिस्ती, लिपी निराळी, हवा थंड. त्यांच्या भाषेत सुनेला स्नाहा म्हणतात. दिराला देवेर म्हणतात. सासूला स्वेकर्वा म्हणतात, आणि जावेला एतर्वा. विधवेला व्दोवित्सा. हे शब्द त्यांनी आपल्याकडून घेतले नाहीत, व आपण त्यांच्याकडून घेतले नाहीत. सर विल्यम जोन्स ह्यांनी १७८६ साली कलकत्त्यास केलेल्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या भाषा कोणा एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात असे म्हटले. पुढील विद्वानांनी त्याच कुळात बल्गेरियन, रशियन इत्यादी स्लाव भाषाही घातल्या. ती मूळ भाषा बोलणारे लोक हजारो वर्षांपूर्वी पांगले. त्यांची घरे गेली, गुरेढोरे गेली. परंतु मराठीतील जाऊ आणि बल्गेरियातील एतर्वा अजून एकमेकींस ओळख देतात.

बल्गेरियन लग्नाचे वर्णन आम्ही वर्गात वाचून दाखविले, तेव्हा मुले कान टवकारून ऐकत होती. तेथे लग्नाला स्वात्बा म्हणतात व नवरीला बुल्का. वराचा भाऊ, म्हणजे देवेर, ह्याला लग्नात मानाचे काम असते. तो नवरीच्या बरोबर राहतो. सासू दारात पाव व मध घेऊन उभी राहते आणि दोघांस मध भरविते. नवरीच्या पुढे पाण्याने भरलेले, फुले घातलेले तांब्याचे भांडे ठेवतात. त्याला मेन्चे म्हणतात. ते ती पायाने लवंडते. इतके वाचताच मागच्या बाकावरून कोणी ओरडले, "माप ओलांडणे!" खरोखर, आपल्याकडे उंबरठ्यावर तांदळाने भरलेले माप ठेवतात आणि नवी सून उजव्या पायाने ते लवंडून घरात येते. एका ठिकाणी पाणी, दुसऱ्या ठिकाणी तांदूळ. ह्या दोन चालींचे मूळ एक आहे असे आम्ही म्हणत नाही. शब्दांची वंशावळ सिद्ध करता येते, चालींची तशी येत नाही. परंतु दोन्ही ठिकाणी नवी मुलगी भरलेल्या घरात पाऊल टाकते, एवढे खरे.

विद्वानांनी आणखी एक गोष्ट नमूद केली आहे. त्या मूळ भाषेतील जे सोयरिकीचे शब्द निश्चितपणे सांगता येतात, ते बहुतेक नवऱ्याच्या घरच्या माणसांचे आहेत, म्हणजे सुनेच्या तोंडचे आहेत. मुलगी घर सोडून गेली. नव्या घरात कोणास काय म्हणावयाचे हे तिला शिकावे लागले. ते शब्द टिकले. आमची विद्यार्थिनी जे काम आपल्या अक्कासाठी करीत होती, ते फार जुने काम आहे.

पण तेलुगू त्या कुळातली नव्हे. ती द्राविडी. मग अक्काला आपलेसे वाटावे असे मराठीत काही आहे की नाही? आहे, आणि ते आम्हांस फार आवडते. जुन्या मराठी घरांत सून सासऱ्यास मामंजी म्हणे व सासूस आत्याबाई. का? सासरा मामा कसा, सासू आत्या कशी? मामाच्या किंवा आत्याच्या घरी मुलगी देण्याची चाल जेथे असते, तेथे हे सहजच घडते. तेलुगूत तर सासरा म्हणजे मामाच, आणि सासू म्हणजे अत्त. हाच शब्द आत्यासही. गोंडांतही मामे-आते भावंडांची लग्ने होतात. त्यास दूध लौटावा, म्हणजे दूध परत करणे, असे म्हणतात. महाराष्ट्र हा उत्तरेकडील व दक्षिणेकडील नातेसंबंधांच्या मधोमध उभा आहे, हे इरावती कर्वे ह्यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. तेव्हा मराठी सून दिराला हाक मारते ती बल्गेरियाशी नाते सांगणाऱ्या शब्दाने आणि सासूला हाक मारी ती आंध्राशी नाते सांगणाऱ्या शब्दाने. मामंजी-आत्याबाई आज फारसे ऐकू येत नाहीत. 'आई' व 'बाबा' म्हणण्याची रीत पडली आहे. तीही गोड आहे. तरी आम्ही वहीत दोन्ही लिहिले.

येथे थोडे थांबून आमच्या शहरातील एका शब्दवेड्या माणसाचे स्मरण केले पाहिजे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडातून १८४५ साली नागपुरास आले. त्यांनी गोंडांमध्ये हिंडून त्यांचे शब्द व लिंगोचे प्रदीर्घ गीत टिपून घेतले. त्या गीताचा एक भाग गोंडांची लग्ने कशी लावावीत ह्याविषयी आहे. १८६३ साली नागपुराजवळ एक ओढा ओलांडताना ते बुडून वारले. त्यांची टिपणे सर रिचर्ड टेंपल ह्यांनी १८६६ मध्ये छापली नसती, तर त्यांतले पुष्कळसे आज आपणांस मिळाले नसते. शब्द ऐकताच लिहून ठेवावा, हे आम्ही वर्गात वारंवार सांगतो ते ह्यासाठी. मोल्सवर्थांचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) हाही असाच ऐकून व विचारून झाला. लग्नघरचा एखादा शब्द अडला तर तो अजून उघडून पहावा.

वही भरत आली असता एके दिवशी ती मुलगी जरा घुश्शातच आली. "सर, शेजारच्या आजी आईला विचारत होत्या, मोठी कुठे दिली? 'दिली' का म्हणायचे? अक्का काय पुस्तक आहे?"

आम्हांस लगेच उत्तर सुचले नाही. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे. मराठीत मुलगी देतात आणि सून करतात. 'मुलगी कुठे दिली' आणि 'सून कुठली केली' हे दोन प्रश्न शेजारी ठेवले की दोहोंतही मुलगी कर्म आहे हे दिसते. मुलगा मात्र कोणी देत नाही. कन्यादान हा विधी त्याच क्रियापदावर उभा आहे. आजींच्या मनात वाईट काही नव्हते. त्यांच्या मुखी ते वाक्य मायेचे होते, आणि तसे आम्ही त्या मुलीस सांगितले. परंतु तिला एवढेच सांगून भागविणे प्रामाणिकपणाचे झाले नसते. 'देणे' हे क्रियापद पुष्कळ मुलींच्या बाबतीत 'विकणे' झाले होते. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले ते पैशासाठी म्हाताऱ्यास मुलगी देणाऱ्या बापाविषयीच. हरविलास सारडा ह्यांच्या खटपटीने १९२९ साली बालविवाहास बंदी करणारा कायदा झाला, त्यास मराठी लोक शारदा कायदा म्हणू लागले. नावांच्या ह्या योगायोगात नाटकाची आठवण मिसळली असल्यास नवल नाही. त्या कायद्यात मुलीचे वय १४ होते. १९७८ मध्ये ते १८ झाले. हुंडा हा शब्द १९६१ पासून गुन्ह्याचे नाव आहे. तो वहीत आम्ही लिहिला, आणि पुढे एवढेच : 'हा मागणे व देणे दोन्ही बेकायदा.' मुलीने तो शब्द घरी वाचून दाखविला की नाही, हे आम्ही विचारले नाही.

दुसऱ्या वाक्याचीही परंपरा आहे. २५ डिसेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांच्या पुढाकाराने पुण्यास पहिले सत्यशोधक लग्न झाले, भटजीवाचून. पुढे त्यांनी मराठीत मंगलाष्टके रचली, त्यांत वधू बोलते, वर उत्तर देतो. म्हणजे ज्या क्षणी एरवी वधू मान खाली घालून उभी असे, त्या क्षणी ती स्वतःच्या भाषेत कर्ता झाली. नागपुरास १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून येथे हजारो घरी मंगल परिणय होतात. पत्रिकेवर हाच शब्द असतो. वधूवर बहुधा पांढऱ्या वस्त्रांत असतात, त्रिशरण-पंचशील म्हणतात, एकमेकांस वचने देतात. तेथे कन्यादान नाही. आमच्या वर्गातील एका मुलाने हे सर्व फळ्यापुढे उभे राहून सांगितले, आणि ते आमच्या सांगण्यापेक्षा चांगले सांगितले.

नावाविषयी एक इशारा देऊन हा पाठ पुरा करू, कारण ह्यात नवशिक्ये हमखास फसतात. नाव घेणे म्हणजे उखाण्यात जोडीदाराचे नाव गुंफून म्हणणे. चार माणसांत हा आग्रह होणारच, तेव्हा एक लहानसा उखाणा पाठ करून ठेवावा. नाव ठेवणे म्हणजे सासरी नवरीला नवे नाव देणे. तबकात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने ते लिहीत. आणि नावे ठेवणे म्हणजे निंदा करणे. एका अनुस्वाराचेही अंतर नाही, केवळ एक मात्रा! 'सासरच्यांनी मला नाव ठेवले' आणि 'सासरच्यांनी मला नावे ठेवली' ह्यांतील फरक अक्कास विशेष बजावून सांगावा, असे आम्ही समासात लिहिले. नवे नाव घेणे आता पुष्कळ मुलींस नको असते. अक्कासही नको होते, आणि सासरच्यांनी ते मान्य केले, असे कळते.

लग्न मे महिन्यात लागले. नागपूरचे ऊन काय असते ते सांगावयास नको. आमंत्रण असूनही आम्ही दुपारच्या पंगतीस गेलो नाही, संध्याकाळी जाऊन आलो. पाठराखीण म्हणून आमची विद्यार्थिनीच गेली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिने वही परत आणून दिली. पाने हळदीने पिवळी झाली होती. शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात असे लिहिले होते :

'माझ्या अक्काचे लग्न लागले. अक्काने आणि भाऊजींनी लग्न केले. शेजारच्या आजी म्हणतात, मोठी वर्ध्याला दिली. अक्काने सासूबाईंना आत्याबाई म्हटले. त्यांना हसू आले. पण घरात एक म्हाताऱ्या आजेसासूबाई आहेत, त्यांना दिसत नाही. त्या म्हणाल्या, कोण बोललं हे, पुन्हा बोल.'

आम्ही तांबडी शाई घेऊन बसलो होतो. दुरुस्त करण्यासारखे काही निघाले नाही.